तुरुंगाकडे बोट दाखविणाऱ्या ताराबाई

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे या प्रांतातील बुलढाणा गावी डेप्युटी कमिशनरची कचेरी होती, आणि त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. घराणे मराठा. पदरी चार मुलगे आणि एकच मुलगी. १८५० च्या सुमारास जन्मलेली ही मुलगी पुढे अवघे एक पुस्तक लिहून मराठी विचारांच्या इतिहासात कायमची जागा मिळवील, असे त्या वेळी बुलढाण्यात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. त्या मुलीचे नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचे नाव आपण स्त्रीमुक्तीच्या संदर्भात ऐकतो. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्यांच्या पुस्तकाचे नाव परीक्षेपुरते पाठही करतो. परंतु समाजशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने त्यांच्याकडे पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पुरुष अधिक गुन्हे का करतात, स्त्रिया कमी का करतात, आणि ज्या थोड्या स्त्रिया करतात त्या ठराविक तऱ्हेचेच गुन्हे का करतात, हा आज गुन्हेगारीच्या समाजशास्त्रात मोठा मानला जाणारा प्रश्न ताराबाईंनी १८८२ साली भर समाजात विचारला होता. या लेखात त्यांचे चरित्र सांगावयाचे आहे, ते मुख्यतः या दृष्टीने.

बापूजी शिंदे हे काळाच्या पुढे पाहणारे गृहस्थ होते. १८७१ साली त्यांनी आपल्याकडील सुशिक्षितांना चार गोष्टी सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. १८७३ च्या सप्टेंबरात जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाच्या विचारांशी बापूजींचे नाते होते. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, परंतु पुण्याचे वारे बुलढाण्यापर्यंत पोचण्यास अवकाश होता. मुलींसाठी शाळा तेथे नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच शिकविले. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषा ताराबाईंना येत होत्या. घरातल्या एका माणसाने मनावर घेतले तर मुलाचे अथवा मुलीचे आयुष्य कसे पालटते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच, त्यांना तर ते अधिकच ठाऊक आहे.

ताराबाईंचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. मात्र त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. त्यांचे यजमान घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहिले. मूलबाळ झाले नाही. पुस्तकावर त्यांनी नाव घातले तेही माहेरचे. सासूचा जाच नाही, पाळणा नाही आणि भोवती पुस्तके, अशी परिस्थिती त्या काळच्या फारच थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आली असेल. ताराबाई जे पाहू शकल्या ते इतरजणींना दिसत नव्हते असे नव्हे. पाहिलेले कागदावर उतरविण्याची सवड आणि अक्षर ताराबाईंपाशी होते, इतकेच.

त्यांच्या हातून पुस्तक लिहविले ते एका खटल्याने. १८८१ साली सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याचा आरोप आला. वैधव्यात दिवस गेले, बाळंतपण झाले, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मूल मारले. सेशन कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. मुंबई हायकोर्टात अपील झाले तेव्हा फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुलाला जन्म द्यावयास दोघे लागतात. दोर मात्र एकीच्याच गळ्यापर्यंत आला होता.

या खटल्याचा बोभाटा वर्तमानपत्रांतून देशभर झाला. विधवा बिघडल्या, शिक्षणाने व नव्या चालीने स्त्रिया स्वैर झाल्या, असा सूर अनेक पत्रांनी लावला. ‘पुणे वैभव’ या पत्राने तर एका विजयालक्ष्मीच्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडली. ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंचा संताप अनावर झाला आणि त्यांनी लेखणी उचलली.

येथे थोडे थांबून विजयालक्ष्मीपुढे मार्ग कोणते होते ते पाहू. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे पंचवीस वर्षे सरकारदरबारी तिचे दुसरे लग्न कायदेशीर होते. जातीच्या दारात मात्र ते बहिष्काराला आमंत्रण होते. मूल ठेवावे तर घरादाराची अब्रू जाते, आणि तिला भाकरीचाही आधार राहत नाही. मूल टाकावे तर कोठे? घराबाहेर तिला एकटीने जाण्याची मुभा नव्हती. सगळे दरवाजे बंद केलेल्या घरात एखादे माणूस काय करील, हे त्याच्या स्वभावाइतकेच त्या दरवाजांवर अवलंबून असते. अपराध तिचा होताच, कारण मूल मेले होते. परंतु अपराधाचे कारण शोधताना केवळ तिच्या मनात डोकावून भागत नाही. घर, जात आणि गाव यांच्याकडेही पाहावे लागते.

हे केवळ तर्काने म्हणावयाचे नाही. पुण्यात त्याचा पडताळा आधीच आला होता. १८६३ च्या सुमारास काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा पुण्यात गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. तिच्यावर असाच प्रसंग आला, तिने मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला अंदमानात काळ्या पाण्यावर पाठविण्यात आले. गोवंडे हे जोतीरावांचे स्नेही. ही हकीकत जोतीराव-सावित्रीबाईंच्या मनाला इतकी लागली की त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे, अशा जाहिराती त्यांनी पुण्यात लावल्या. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या, अशी नोंद स्वतः जोतीरावांनी केली आहे. अशाच एका विधवेचे मूल फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले; तेच पुढे डॉ. यशवंत झाले. या पस्तीसजणी काशीबाईहून किंवा विजयालक्ष्मीहून वेगळ्या मातीच्या होत्या काय? जात तीच, वैधव्य तेच, भय तेच. त्यांच्यासाठी एक दार उघडे होते, एवढाच फरक. एक दार उघडले आणि गुन्हा घडावयाचा राहिला. समाजशास्त्रज्ञ पुढे ज्या गोष्टीचे सिद्धांत मांडणार होते, ती फुल्यांनी आपल्या घरात करून दाखविली.

ताराबाईंचे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे दाखविण्यासाठी हा निबंध आहे, असे त्यांनी पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले. साहस हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो. गिर्यारोहण करणाऱ्याला आपण साहसी म्हणतो. ताराबाईंनी तो जुन्या अर्थाने योजला आहे. मागचापुढचा विचार न करता दुष्कृत्य करणे, असा तो अर्थ. धर्मशास्त्रात तर बळजबरीच्या गुन्ह्यांनाच साहस म्हटले आहे. तेव्हा आजच्या भाषेत पुस्तकाचा विषय सांगावयाचा तर, स्त्री आणि पुरुष यांत गुन्हेगार कोण, हाच तो विषय आहे.

एका जुन्या संस्कृत श्लोकात स्त्रीवर जे दोष लादले आहेत ते ताराबाई एकामागून एक घेतात आणि प्रत्येक दोष पुरुषांत किती पटींनी आहे ते दाखवीत जातात. बोलणे सरळ पुरुषांना उद्देशून आहे. भाषा घरातली, अंगणातली. म्हणी, टोमणे आणि मध्येच डोळ्यांत पाणी आणणारा एखादा प्रसंग. बायको मेली तर पुरुष लगेच दुसरी आणतो, नवरा मेला तर स्त्रीचे केस का काढावे आणि तिला शुभकार्यातून का हाकलावे, असा त्यांचा सवाल आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या गाजलेल्या कादंबऱ्यांत आणि नाटकांत स्त्रिया कशा खोट्या रंगविल्या आहेत, याचाही त्या समाचार घेतात. सभांतून भाषणे करणाऱ्या आणि घरी जुनेच चालविणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडीत नाहीत. ब्राह्मणांवर टीका करताना स्वतःच्या मराठा जातीतल्या पडद्याच्या आणि खोट्या मोठेपणाच्या चाली झाकून ठेवीत नाहीत.

या निबंधात एक जागा अशी आहे की तेथे वाचक दचकतो. ताराबाई पुरुषांना तुरुंगात जाऊन पाहण्यास सांगतात. तेथे पाय ठेवावयास जागा नाही इतकी गर्दी आहे, ती कोणाची? खोट्या नोटा करणारे, लाच खाणारे, खोटी साक्ष देणारे, विष घालणारे, बंडे करणारे, खून पाडणारे यांत बायका किती? बायकांनी भरलेले तुरुंग आहेत तरी किती? असा रोकडा हिशेब त्या मागतात. स्त्रीजात दुष्ट असल्याचा निवाडा वर्तमानपत्रांनी एका खटल्यावरून दिला होता. त्याच्यापुढे ताराबाईंनी तुरुंगाची शिरगणती ठेवली. वादात आकड्यांचा असा उपयोग करणारी स्त्री त्या काळी मराठीत दुसरी सापडणे कठीण.

तो हिशेब आजही फारसा बदललेला नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते; त्यांत स्त्रिया २३,७७२. म्हणजे शंभरात चाराहून थोड्या अधिक. इतर देशांतही पुरुषांचेच पारडे असे जड आहे.

असे का, याची उत्तरे ताराबाईंच्या नंतर अनेकांनी दिली. इटलीतील वैद्यकशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने आपला जावई होणार असलेल्या फेरेरो याच्यासह १८९३ साली स्त्री-गुन्हेगारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने उत्तर शोधले ते कवटीत आणि जबड्यात. स्त्री ही उत्क्रांतीत पुरुषाच्या मागे राहिलेली, परंतु मातृत्व आणि मंद वृत्ती यांनी आवरलेली, म्हणून गुन्हे कमी, असा त्याचा एकंदर रोख. ताराबाईंचे पुस्तक याच्या अकरा वर्षे आधीचे आहे, आणि त्यात कवटीची मापे नाहीत. चालीरीती आहेत, लग्ने आहेत, उंबरठा आहे. पुढे १९५० साली ऑटो पोलाक याने असे मांडले की स्त्रियांचे गुन्हे कमी नसतात, ते घरात दडलेले असतात आणि पोलीस व न्यायाधीश स्त्रियांना सौम्यपणे वागवितात. १९७५ साली अमेरिकेत फ्रेडा ॲडलर हिने सांगितले की स्त्रियांना संधी मिळत जाईल तसे त्यांचे गुन्हेही पुरुषांसारखे होत जातील. १९८५ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस हायडेन्सन हिने नियंत्रणाचा विचार पुढे आणला. स्त्रीवर घरात, रस्त्यावर आणि कामाच्या जागी इतकी नजर असते की गुन्हा करण्यास तिला मोकळीकच मिळत नाही, असा त्याचा आशय.

हे शेवटचे उत्तर समजण्यास आपल्याला विलायतेस जावयास नको. तिन्हीसांजेनंतर माझा भाऊ पारावर बसला तर कोणी विचारीत नाही. माझी शेवटची एस.टी. चुकली तर मी घरी पोचण्याआधी चार घरांना खबर लागलेली असते. या नजरांमुळे मी सुखरूप राहते, हे कोणीही म्हणेल आणि त्यात काही खोटे नाही. परंतु जिच्यावर काही लपविण्याची वेळ येईल तिला ते याच नजरांपासून लपवावे लागेल, हेही तितकेच खरे आहे. विजयालक्ष्मीच्या बाबतीत नेमके हेच घडले. ज्या कुंपणाने हजारो स्त्रियांना चोरी-दरोड्यापासून आणि तुरुंगापासून दूर ठेवले, त्याच कुंपणाने तिला त्या एका गुन्ह्याकडे ढकलले. स्त्रियांचे गुन्हे थोडे का आणि तिचा गुन्हा तोच का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ताराबाईंचा सारा निबंध वाचून मनावर ठसते ते हे.

अर्थात ताराबाईंचे सगळे म्हणणे जसेच्या तसे घ्यावे असे नाही. त्या समाजशास्त्राचा प्रबंध लिहीत नव्हत्या, भांडत होत्या. भांडणाच्या भरात स्त्री सर्वच बाबतींत भली आणि पुरुष सर्वच बाबतींत बुरा, अशा टोकाला त्या जातात. तुरुंगात स्त्रिया कमी आहेत याचा अर्थ त्या उपजत सद्गुणी आहेत असा घेतला, तर आपणही लोंब्रोझोच्याच वाटेने जातो. फक्त निकाल उलटा लागतो. ताराबाईंचे बळ या निकालात नाही. एखादी स्त्री वाकडे पाऊल का टाकते हे सांगताना त्या जरठ नवऱ्याला दिलेली पोर, घरातील मारहाण, सवत, दारिद्र्य आणि वैधव्य यांची नावे घेतात, तेथे त्यांचे खरे बळ आहे. कारणे माणसांनी निर्माण केलेली असतील तर ती माणसांना बदलताही येतात.

पुस्तकाचे स्वागत व्हावे तसे झाले नाही. टीका आणि टवाळी वाट्याला आली, आणि ती केवळ सनातन्यांकडून आली असेही नाही. सत्यशोधक मंडळींतही नाके मुरडली गेली. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा पक्ष घेतला, वडिलकीच्या मायेने त्यांचा उल्लेख केला आणि त्यांना नावे ठेवणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांची कानउघाडणी केली. परंतु ताराबाईंनी यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पाचशे प्रतींचे ते पुस्तक लोक विसरून गेले.

पुढे स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, आणि फ्रेडा ॲडलरचे वर उल्लेखिलेले पुस्तकही त्याच वर्षी निघाले. तिकडे स्त्री आणि गुन्हा या विषयाला नव्याने सुरुवात होत होती. इकडे त्याच विषयावरचा त्र्याण्णव वर्षांपूर्वीचा मराठी निबंध धूळ झटकून बाहेर येत होता. १९९४ साली रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि बुलढाण्याच्या हेडक्लार्कची मुलगी जगभरच्या विद्यापीठांत वाचली जाऊ लागली.

मित्रमैत्रिणींनो, हे सर्व सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवता आले असते तर बरे झाले असते. परंतु वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अजूनही मधून मधून एक छोटी बातमी येते. कोठे कालव्याच्या कडेला, कोठे उकिरड्यावर, कोठे बसस्थानकात नवजात अर्भक सापडते. खाली एक ओळ असते की अज्ञात स्त्रीविरुद्ध पोलिसांत गुन्हा दाखल झाला. निर्दयी माता म्हणून मथळाही तयार असतो. मूल टाकून देण्याविषयीचे कायद्याचे कलम काढून पाहावे. भारतीय दंडसंहितेत ते ३१७ वे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते ९३ वे आहे. दोन्हींत बाप आणि आई असे दोघांचेही नाव आहे. कायद्याला बाप दिसतो; बातमीला दिसत नाही, आणि वाचताना आपल्यालाही त्याची आठवण होत नाही.

ताराबाईंचे पुस्तक फार मोठे नाही. दोन संध्याकाळी वाचून होते. वर्गात आपण गुन्हेगारीच्या प्रकरणात लोंब्रोझोपासून सुरुवात करतो. त्याआधी या पुस्तकातील तुरुंगाचे पान एकदा मोठ्याने वाचावे, आणि ते मुलांनी वाचावे, मुलींनी ऐकावे, असे मला सुचवावेसे वाटते. त्यानंतरची चर्चा निराळी होईल.